उजव्या तीराने जोडसायकल

जिन्याच्या वळणावर अडकलेल्या जोडसायकलीचं काय करावं, याबद्दल आमच्या इमारतीत तीन मतं होती. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑडिटरकाकांचं मत, सायकल मधोमध कापावी. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं मत, जिन्याचा कठडा कापावा, पण आधी सोसायटीची सभा बोलवावी. तिसरं मत माझ्या बायकोचं. ती वरच्या पायऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती, तिला खाली येता येत नव्हतं, आणि तिने आपलं मत नुसतं माझ्याकडे बघून मांडलं.

सायकल कापण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती कालच जोडली होती. एक माझी जुनी सायकल, एक बायकोची तिच्या कॉलेजातली. दोन्ही गॅलरीत गंजत पडल्या होत्या. मी म्हटलं, दोन वेगळ्या सायकलींवर दोन माणसं गेली की एक पुढे राहतं, एक मागे, आणि मग सगळा प्रवास 'थांबा ना' आणि 'ये ना लवकर' यातच जातो. त्यापेक्षा एकच सायकल करू. ग्रिल आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड बनवणाऱ्या वेल्डरने दुपारभरात दोन सांगाडे एकमेकांना जोडून दिले. मागच्या सीटपुढेही त्याने एक हँडल बसवलं, पण ते पक्कं, न वळणारं. बायकोने विचारलं, ब्रेक पुढे, घंटी पुढे, वळायचंही पुढच्याने, मग मागच्याने करायचं काय? वेल्डर म्हणाला, "विश्वास ठेवायचा, ताई."

रात्री कुणी पळवेल म्हणून आम्ही ती दोर लावून गॅलरीतून वर घेतली. खाली नेताना जिना आहेच, असा माझा हिशेब. जिना होताच. त्याला वळण आहे हे मात्र इतकी वर्षं रोज चढून-उतरूनही माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं.

शेवटी सायकल पाहुण्यासारखी सरळ उभी करून, तिला दोन्ही बाजूंनी आधार देत एकेक पायरी उतरवली. ऑडिटरकाका खालून 'डावीकडे घ्या' म्हणत होते, डॉक्टरीणबाई वरून 'उजवीकडे' म्हणत होत्या, आणि दोघांचं ऐकल्यामुळे हँडल थोडं वाकडं झालं. त्यानंतर सरळ जायचं असेल तर ते जरासं डावीकडे धरावं लागे. पण उतरली. फाटकाशी अख्खी इमारत जमली होती. मला इतका आनंद झाला होता की मी तीनदा घंटी वाजवली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आमच्या गावाची नदी वर जंगलातून येते, आणि त्या जंगलात नदीच्या काठाला 'उजवा तीर विश्रामगृह' नावाचं वनखात्याचं एक जुनं घर आहे. काठाकाठाने, जंगलातून सायकलवर तिथे जायचं, जेवायचं आणि संध्याकाळी परत, असा बेत. माझे साडू आणि बायकोची ताई गाडीने येऊन जेवणाच्या वेळेला तिथे भेटणार होते.

आता साडूंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खरी लढाई त्यांच्याशी होती. साडूंच्या सहली कधी चुकत नाहीत. ते ठरलेल्या वेळेला निघतात, ठरलेल्या ठिकाणी चहा पितात, ठरलेल्या दगडापुढे फोटो काढतात आणि परत येताना गाडीने लिटरला किती अंतर दिलं ते सांगतात. माझ्या सहली म्हणजे, कसं सांगू, माझ्या सहली उत्साहाच्या असतात. एकदा समुद्र बघायला गेलो तर ओहोटी होती आणि समुद्र क्षितिजाजवळ गेला होता. एकदा संग्रहालय बघायला गेलो, ते बंद होतं, पण बाहेरचं तिकीटघर फार सुंदर होतं, ते आम्ही बराच वेळ बघितलं. अशा तीन-चार सुट्ट्या झाल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "ही शेवटची संधी. जेवायच्या वेळेला विश्रामगृहावर पोचलो तर ठीक. नाही पोचलो, तर यापुढे सगळ्या सुट्ट्या भाऊजी ठरवतील."

म्हणजे उरलेलं आयुष्य ठरलेल्या दगडापुढे उभं राहायचं. मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशा माझ्या हाताखालचा माणूस आहे. मी ही अट हसत हसत मान्य केली.

जंगलात शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून सायकल जोडून व्हायच्या आधीच, आदल्या आठवड्यात, मी त्यांच्या कार्यालयात गेलो होतो. तिथल्या कारकुनाकडे प्रवेशाचे चार प्रकार होते: पायी, दुचाकी, चारचाकी आणि जनावर. दुचाकीला गाडीचा नंबर लागतो, आमच्या सायकलला नंबर नाही. पायी म्हणावं, तर पाय जमिनीला लागत नाहीत, असा त्याचा आक्षेप. बरं, माणसं दोन, चाकं दोन, मग एक दुचाकी की दोन अर्ध्या, यावर त्याने शेजारच्या टेबलाचा सल्ला घेतला, शेजारच्या टेबलाने साहेबांचा घेतला, आणि साहेब म्हणाले की नियमात नसलेल्या गोष्टीला जवळात जवळचा नियम लावावा. त्यामुळे आमची जोडसायकल 'जनावर, ओझ्याचं' या सदरात बसली. माझं जनावर रोपांना तोंड लावणार नाही, झाडाला अंग घासणार नाही आणि पाणवठा घाण करणार नाही, असं मी सही करून लिहून दिलं. शेवटी कारकुनाने विचारलं, कोणत्या तीराने जाणार? मी वर्गात ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात 'उजव्या' असं सांगितलं.

ऑडिटरकाकांनी निघताना शंका काढलीच. ते म्हणाले, आपली इमारत नदीच्या या काठाला, मग तुम्ही कोणत्या काठाने जाणार? मी त्यांना नदीकडे, वरच्या अंगाला तोंड करून उभं केलं आणि विचारलं, उजवी बाजू कोणती? त्यांनी नदीपलीकडे बोट दाखवलं. झालं तर मग. पूल ओलांडायचा, नदी डाव्या हाताला ठेवायची आणि सरळ जात राहायचं. चुकायला जागाच नाही. काकांनी मान डोलावली. हिशेब जुळला की ते पुढे प्रश्न विचारत नाहीत.

आम्ही निघालो. जोडसायकल सुरू करणं हे लग्नासारखं आहे, असं म्हणण्याचा मोह मी आवरतो, कारण हे वाक्य मी फाटकाशीच म्हणालो होतो आणि तेव्हाच आम्ही पहिल्यांदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो ते दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूला पाय टेकल्यामुळे. तिसऱ्या वेळी मात्र सायकल चालली, आणि काय चालली म्हणून सांगू! चार पायांचं बळ दोन चाकांत. सकाळी फिरायला निघालेली मंडळी बाजूला होत होती. वाकड्या हँडलमुळे मी थोडा तिरका बसलो होतो, पण त्यामुळे उलट ऐट आल्यासारखं वाटत होतं. पुलावर वारा तोंडावर आला, खाली पाणी चमकत होतं, आणि मी मागे न बघता ओरडलो, "कसं वाटतंय?"

मागून उत्तर आलं, "तुमच्या शर्टाला मागे शाई लागलीय."

तेव्हा लक्षात आलं की मागच्या माणसाला नदी, जंगल, डोंगर यातलं काही दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. मग मी तिला वाटेतल्या सगळ्या गोष्टी सांगत चाललो. पुढे खड्डा आहे, आता बगळा आहे, आता दोन बगळे आहेत. थोड्या वेळाने ती म्हणाली, खड्डे तेवढे सांगा, बगळे मी मान काढून बघते.

पूल उतरलो आणि साडूंचा फोन आला. आम्ही निघालोय, म्हणाले, रस्ता एकदम सरळ आहे, पूलबील काही लागत नाही. मी फोन ठेवला आणि हसत सुटलो. पूल लागत नाही म्हणे! मी बायकोला म्हटलं, तुझे भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा चुकले बघ. हा माणूस पूल न ओलांडताच उजव्या तीराला पोचणार आहे. मी त्यांना कळवणारही होतो, पण मग ठरवलं की नको. माणसाला एखादी तरी चूक करू द्यावी. मागे बायकोला खोकला आला. बराच वेळ आला.

शेतं संपली, नदी अरुंद झाली आणि झाडं सुरू झाली. त्या पहिल्या सावलीत शिरताना अंगावर काटा आला, ते मी कधी विसरणार नाही. एकदम गार. चाकांखाली पाचोळा चुरचुरत होता, डाव्या हाताला पाणी दगडांवरून उड्या मारत येत होतं आणि फांद्यांवरून कुणीतरी पक्षी आम्हाला बघून दुसऱ्या पक्ष्याला सांगत होता. मला गाणं म्हणावंसं वाटलं. दोघांनी एकदम म्हणायला सुरुवात केली, तीही वेगवेगळी गाणी.

जंगलाच्या तोंडाशी एक फाटक होतं. चौकी होती, चौकीत कुणी नव्हतं. फाटकाला कुलूप, आणि बाजूला माणसांना जायला तो नागमोडी लोखंडी दरवाजा, ज्यातून माणूस जातो पण गाय जात नाही. जोडसायकलही जात नाही. पुढचं चाक बाहेर गेलं की मागचं आत अडकायचं, मागचं सोडवलं की पुढचं परत यायचं. जनावर म्हणून परवानगी घेतल्याचा हा परिणाम, असं बायको म्हणाली. अखेर आम्ही सायकल डोक्यावर धरून त्या दरवाजातून नागमोडी चाललो. मध्यावर आल्यावर दोघांनाही हसू फुटलं आणि हात ढिले पडले. सायकल फाटकावरून आपोआप पलीकडे पडली. म्हणजे काम झालं, पण तिची साखळी निघाली.

साखळी बसवताना माझ्या पँटचा पाय तिच्यात गेला. मी पाय ओढला, साखळीने पँट ओढली, आणि दोघांच्या भांडणात पँट मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उसवली. इथे मला माझ्या प्रतिष्ठेचा विचार करावा लागला. मी एक शिक्षक आहे. जंगलात पालक भेटू शकतात. पुढे बसलो तर मागून सगळं उघड. मागे बसलो तर मागे कुणीच नाही. बायकोने हे माझ्याआधी ओळखलं होतं आणि ती केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

तिने इतक्या वर्षांत सायकल हातात धरली नव्हती. ती रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीशी बसते, दिवसभर तिच्यापुढे रांग असते आणि रांगेपलीकडे भिंत. मी मागून तिला सूचना देत होतो की हँडल जरा डावीकडे धर, उतारावर ब्रेक दाब. तिने ब्रेक दाबला नाही. तो उतार आम्ही असे उतरलो की माझा चष्मा एका कानावर लटकत राहिला आणि तळाशी जो ओढा होता त्यातून आम्ही पाण्याच्या दोन भिंती उडवत पार झालो. पलीकडे थांबून ती मागे वळली. केस विस्कटलेले, गालावर चिखल. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "पुन्हा उतरायचं का?"

आम्ही पुन्हा उतरलो. पुन्हा म्हणजे किती वेळा ते सांगत नाही, पण त्यासाठी दर वेळी सायकल ढकलत वर न्यावी लागे आणि ती तक्रार मी एकट्यानेच केली. मग एका डोहाशी थांबलो. तिला पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. मला घड्याळ दिसत होतं. जेवायची वेळ जवळ आली होती, विश्रामगृहाचा पत्ता नव्हता आणि फोनला रेंज नव्हती. साडू पोचले असतील तर? छे, ते कसे पोचतील, ते तर पलीकडच्या काठाने भटकत असतील. या विचाराने धीर आला आणि मीही मोजे काढले.

पुढची वाट वळणाची होती. झाडी एकदम संपली, नदी पुन्हा रुंद झाली, आणि समोर ते दिसलं. पांढरं बैठं घर, लाल कौलं, लांब व्हरांडा आणि लांबूनही वाचता येईल अशी मोठ्या अक्षरांची पाटी, 'उजवा तीर विश्रामगृह'. व्हरांड्यापुढे सावलीत साडूंची गाडी. टेबलावर कापड अंथरलेलं, डबे मांडलेले. सगळं जिथल्या तिथे आणि वेळेवर.

फक्त हे सगळं नदीच्या पलीकडे होतं.

साडू कपाळावर हात आडवा धरून आमच्याकडे बघत होते. पाण्यावरून त्यांचा आवाज स्वच्छ आला. "मास्तर, तिकडे कसे काय गेलात?"

तेव्हा, त्या पाण्याच्या वाहण्याकडे बघताना, मला माझाच धडा आठवला. नदी वरून खाली येते आणि तीर तिच्या उजव्या हाताने ठरतो, आपल्या नव्हे. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे येतो तो उजवा तीर. आम्ही प्रवाहाच्या उलट, वर चाललो होतो. म्हणजे आमचा सगळा प्रवास डाव्या तीराने झाला होता. आमची इमारत उजव्या तीरावरच आहे. पूल ओलांडायची गरजच नव्हती. घरातून निघून नाकासमोर गेलो असतो, तर पोचलो असतो. एका मुलाने चाचणीत 'आपण ज्या हाताने लिहितो तो उजवा तीर' असं उत्तर लिहिलं होतं, त्याला मी शून्य दिलं होतं आणि वर्गात वाचूनही दाखवलं होतं.

पूल मागे गावात होता. पाणी खोल होतं. माझी पँट मागून उसवलेली होती, त्यामुळे पाठ फिरवून निघून जाण्याचीही सोय नव्हती. आता बायको काय बोलते याची मी वाट बघत राहिलो. अट तिची होती आणि साक्षीदार समोर उभे होते.

तिने सायकल माझ्या हातात दिली, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि ओरडून सांगितलं, "आम्ही मुद्दाम आलोय इकडून! इकडचं जंगल बघायचं होतं!"

साडू गोंधळले. मग जेवणाचं काय, असं त्यांनी विचारलं. तुम्ही घ्या जेवून, असं तिने कळवलं. एवढ्यात ताई व्हरांडा उतरून पार पाण्याच्या कडेला आली. तिला साडूंच्या गोंधळाशी काही घेणं-देणं नव्हतं.

"चिमे, पुढे तू बसतेस?"

"हो!"

"आणि ते मागे?"

"मागे!"

ताई वळली आणि साडूंकडे बघत राहिली. ती त्यांना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ते खुर्चीत बसले.

आम्ही पुढच्या वळणाआड जाऊन एका सपाट दगडावर बसलो आणि पिशवीतली केळी आणि बिस्किटं काढली. मी म्हटलं, तिथे माझी लाज राखलीस, उपकार झाले, पण मी हरलो ते हरलो. रस्ता चुकलो. भूगोलाचा मास्तर असून चुकलो.

"मला पुलावरच कळलं होतं," ती केळं सोलत म्हणाली.

"कसं?"

"तुमच्या पेपरांच्या मार्कांची बेरीज कोण करतं? दरवर्षी तोच प्रश्न घालता. नदीचा उजवा तीर कसा ओळखाल, दोन मार्क. उत्तर पाठ झालंय माझं."

म्हणजे तो खोकला नव्हता. मी आणखी एक बिस्किट काढलं. मग विचारलं, "तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर वेळेवर पोचलो असतो. आत्ता व्हरांड्यात बसून भाऊजींच्या गाडीचं ॲव्हरेज ऐकत असतो." ती पाण्याकडे बघत होती. "तो उतार कुठे मिळाला असता हो मला?"

इतक्या सुट्ट्यांमध्ये मी तिला इतक्या ठिकाणी नेलं, आणि ती खरोखर कुठे गेली असेल तर ती आज, चुकीच्या काठाने. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं, पण तोंडात बिस्किट होतं. मग घाबरत घाबरत एवढंच विचारलं की आता पुढच्या सुट्ट्यांचं काय?

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "भाऊजींचं ठरवलेलं कधी चुकत नाही. त्याचाच तर कंटाळा येतो."

ती उठली, पुढच्या सीटवर बसली आणि मी मागे बसेपर्यंत सायकल धरून थांबली. वाट पुढे पुन्हा झाडीत शिरत होती. ती कुठे जाते ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते मी मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "छान," आणि तिने पायडल मारलं.